नायट्रेटचा रिकामा रकाना

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचा ऊस आहे, आणि फडालगतच्या विहिरीचेच पाणी आम्ही पितो. शेजारचे रान पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झाले असल्याने विहिरीचे पाणी तपासताना माझे लक्ष क्षारांकडेच होते. नात घरी आल्यावर पिण्याचाही प्रश्न पुढे आला, म्हणून पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या अर्जावर 'सिंचन' आणि 'पिणे' अशा दोन्ही चौकटींत खूण केली.

नमुना दिला, शुल्क भरले. बारा दिवसांनी आलेल्या अहवालात सामू, क्षारता, सोडियम असे सगळे आकडे होते, नायट्रेटचा रकाना तेवढा कोरा, आणि खाली 'सिंचनास योग्य' हा शेरा. एका अर्जावर एकच प्रयोजन धरतात, पहिली खूण ग्राह्य, असे खिडकीवर सांगण्यात आले. जुना नमुना टाकून दिला होता, म्हणून नवा अर्ज, नवी बाटली, पुन्हा एसटीचा प्रवास. त्या वेळी तपासणीचे रसायन संपले होते आणि पुढच्या खेपेस संबंधित कर्मचारी रजेवर होते. अडसाली (सुमारे दीड वर्ष रानात राहणाऱ्या) उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस असलेल्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट मागितल्याखेरीज तपासले जाऊ नये, हे मला आजही पटत नाही. युरियातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते. ते मातीच्या कणांना धरून राहत नाही आणि सरीतून सोडलेल्या जादा पाण्याबरोबर थेट खाली उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, आणि अशा पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधाने तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते.

चौथ्या खेपेला आकडा मिळाला. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. आमच्या विहिरीत त्याच्या दीडपटीहून अधिक निघाले. कागद हातात धरून मी तेथेच बाकावर बसलो. त्या दिवसापासून नातीसाठी ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी भरतो, तेही तपासून घेतल्यावरच.

बाटलीचे आधीच सांगायला हवे होते: मोटर दहा मिनिटे चालू ठेवून, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून मग भरावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी. पिण्यासाठी वेगळा अर्ज करावा, त्यावर 'नायट्रेट' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहावा आणि पोचपावतीवरही तो लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. यंदा ठिबकमधून युरिया थोडा थोडा देत आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना देणार आहे.