केमोथेरपीच्या सोबतीला

आज मावशीच्या केमोथेरपीसाठी तिच्यासोबत परळला गेले होते. सलाईन चालू असताना तिने मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे अंतरावर, दोन कंडरांच्या मधला बिंदू बराच वेळ अंगठ्याने दाबून धरला होता. मळमळीवरच्या औषधांना जोड म्हणून ॲक्युप्रेशरचा हा उपाय सुचवला जातो. त्यामुळे काहीतरी आपल्याही हातात आहे, असा जो धीर तिला मिळतो, तो मला फार मोलाचा वाटतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने तर स्तनाच्या कर्करोगात उपचारांसोबत योगाचा काय उपयोग होतो याचा मोठा अभ्यास केला असून, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडले गेले.

मालिश मात्र डॉक्टरांना विचारूनच करावी, कारण प्लेटलेट्स कमी असताना जोराच्या दाबाने त्वचेखाली रक्त साकळू शकते. हळदीच्या गोळ्या आणि काढे यांबाबत तर मी अधिकच आग्रही आहे: ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या काही गोष्टी केमोच्या औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात. शेजारच्या ताईंनी केमो थांबवून नुसता काढा घेतला तर चालेल का, असे विचारले, तेव्हा मावशीने ठामपणे नाही म्हटले आणि त्यांना आहारतज्ज्ञांच्या खोलीपर्यंत स्वतः नेऊन पोहोचवले.