कूलरचं माप

नागपुरात बर्डीच्या व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबलो की मला हमखास काहीतरी आठवतं. घरी खुर्चीत बसून आठवत नाही, तिथेच आठवतं. एप्रिलमधली दुपार, तोंडाला दुपट्टा, त्यावर हेल्मेट आणि समोर उतरत जाणारा आकडा : ३०, २९, २८. तेवढ्यात खिशातून मोबाईल काढायचा, 'आईच्या गोळ्या संपल्या' एवढं लिहायचं आणि परत ठेवायचा. (वाहतूक पोलिसांनी हा परिच्छेद वाचला नाही तर बरं.) नोंदींचं ॲप निवडायची माझी कसोटी एवढीच आहे. हिरवा दिवा लागेपर्यंत ज्यात लिहून होत नाही, ते ॲप जगात कितीही नावाजलेलं असो, माझ्या कामाचं नाही.

या कसोटीवर मी वर्षभरात बरीच ॲप नापास केली. एक उघडलं की आधी स्वतःचं बोधचिन्ह दाखवायचं, मग 'या आवृत्तीत नवीन काय' ते सांगायचं, मग विचारायचं, की तुम्हाला कोणत्या प्रकारची नोंद करायची आहे? बैठकीची, प्रवासाची की वाचनाची? अरे बाबा, गोळ्यांची! कुणाच्या दारी पाणी मागावं आणि त्यानं आधी गाव, गोत्र आणि पगार विचारावा, तसं हे. तोवर मागच्या ऑटोवाल्याचा हॉर्न सुरू झालेला असतो आणि गोळ्या डोक्यातून गेलेल्या असतात.

एवढं साधं काम करायला एवढा वेळ का लागतो, हे मी एका संगणकवाल्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, यातली बरीच ॲप म्हणजे आतून एक अख्खा ब्राउझरच असतो. तुम्ही वही उघडता तेव्हा आधी तो जागा होतो, मग वही उघडते." म्हणजे चिठ्ठी लिहायला आधी छापखाना सुरू करायचा. त्यानं आणखी एक हिशोब सांगितला, तो मला फार आवडला. संगणकात देवनागरीचं एक अक्षर साठवायला साधारण ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटीचेही वेगळे तीन-तीन. तरी ३ एमबीच्या एका फोटोच्या जागेत अशी १० लाख चिन्हं मावतात. सकाळच्या तर्री-पोह्यांचा मी जो फोटो काढतो, त्याच्या जागेत माझ्या आयुष्यभराच्या किराण्याच्या याद्या बसतील आणि वर जागा उरेल. मजकूर ही गोष्ट मुळात इतकी हलकी आहे. जड असतो तो तिच्याभोवतीचा बँडबाजा.

फुकटचंही तसंच. फुकट म्हणजे किती दिवस फुकट, हे विचारून घ्यावं लागतं. एव्हरनोट या नोंदींच्या ॲपने डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदी आणि १ वही अशी मर्यादा घातली. कंपनी त्यांची, धंदा त्यांचा, तक्रार नाही. पण ५० नोंदी म्हणजे आमच्या घरातलं एक लग्न. ऑब्सिडियन तुमच्या नोंदी तुमच्याच यंत्रावर साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतं. वापर फुकट, त्यांच्यामार्फत दोन यंत्रांत जुळवून घ्यायचं असेल तर पैसे. सिंपलनोट फुकट आहे, त्यात चित्र नाही, रंग नाही, नुसता मजकूर. जॉप्लिन मुक्तस्रोत, म्हणजे त्याचा आतला कोड कुणालाही उघडून पाहता येतो. हे सगळं मी पंधरा दिवस रात्री जागून वाचलं. आई म्हणायची, "काय शोधून राहिला रे एवढं?" मी म्हणायचो, "वही." तिनं एकदा उठून कपाटातली दोनशे पानी आणून दिली.

खरी फजिती कूलरनं केली. मार्च सरत आला की नागपुरात घराघरांतून कूलर बाहेर निघतात. आमचा जुना लोखंडी. बाबांनी कॉटन मार्केटजवळून घेतलेला. जुन्या ताट्या काढून टाकल्या होत्या आणि आता त्यात हनीकोंबच्या जाळ्या बसवायच्या होत्या. मी टेप घेऊन तिन्ही बाजू मोजल्या, मापं तेव्हाच्या माझ्या लाडक्या ॲपमध्ये लिहिली, आकड्यांना निळा रंगसुद्धा दिला आणि ऐटीत बर्डीवर गेलो. दुकान तळघरात. जिना उतरलो तशा मोबाईलच्या रेघा एकेक करून गळाल्या. ॲप उघडलं, आणि एक गोल चक्र फिरायला लागलं. माझीच नोंद, माझ्याच हातातल्या यंत्रात, आणि ती मला दाखवायला त्याला कुठल्या तरी परदेशातल्या संगणकाची परवानगी हवी होती. मी जिना चढून वर आलो, उन्हात उभा राहून मोबाईल आकाशाकडे धरला. चक्र फिरतच होतं. शेवटी घरी फोन केला, की आई, जरा टेप घेऊन मोजतेस का?

"मोजायचं काय त्यात? कूलरवरच लिहिलं आहे न."

बाबांनी लिहिलं होतं. पाठीमागच्या पत्र्यावर, दार रंगवून उरलेल्या तपकिरी रंगानं, तिन्ही मापं आणि खाली 'पंप बदलला, मे ९८'. मी सकाळी त्याच पत्र्याला टेकून टेप धरला होता. दुकानदाराला मी बाबांचंच माप सांगितलं. घरी येऊन पाहिलं, तर माझं निळ्या अक्षरांचं माप आणि बाबांचं माप यांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला.

त्या दिवशी ते ॲप काढून टाकलं. नेट नसताना उघडलं पाहिजे, हे कलम कसोटीत आलं आणि उमेदवार एकदम कमी झाले.

आईचं म्हणाल तर तिचं ॲप स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, आमच्या घरी कधीपासून आहे ते सांगता येणार नाही. तारखेच्या चौकोनात दूधवाला आला नाही तर फुली, अर्धा लीटर जास्त घेतलं तर 'अ', सिलिंडर लागला तर गोल. उघडायला लागणारा वेळ शून्य, कारण ते मिटलेलंच नसतं. शोधाची सोय मात्र अशी, की मागच्या वर्षीचं काही हवं असेल तर डबल बेडच्या आत शिरावं लागतं.

शोधावरून आठवलं. बायको पुण्याची. आम्ही दोघांत मिळून एक यादी गूगल कीपमध्ये ठेवली आहे. ते २०१३ साली आलं, त्यात यादी दोघांना मिळून लिहिता येते, खूण केली की ओळ खाली जाते. मी गोकुळपेठ बाजारात उभा असतो आणि हातातली यादी डोळ्यांसमोर वाढत जाते; आधी माणूस घरून निघाला की निदान यादी थांबायची. सुरुवातीला मी 'सांबार १० रु.' लिहिलं तर तिचा फोन, "अरे, दहा रुपयांत सांबार कोण देतं? आणि इडली कुठेय?" तिच्या कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे तिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनीही आठवावं लागतं. आता एकच जुडी यादीत दोनदा येते, दोन नावांनी. शोधायला जावं तर यंत्र आपण लिहिलेला शब्दच तेवढा शोधतं. कोथिंबीर विचारली की त्याला सांबार सापडत नाही, वेलांटी चुकली की तीही सापडत नाही. म्हणून मी हल्ली नोंदीत मुद्दाम दोन्ही शब्द टाकतो.

माझ्या स्वतःच्या नोंदी मात्र मी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नेल्या. विंडोजच्या नोटपॅडमध्ये एक जुनी गंमत आहे : फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन कॅपिटल एल-ओ-जी लिहायचं, मग ती फाइल उघडली की दरवेळी खाली तारीख-वेळ आपोआप पडते. रोजनिशी तयार. पूर्वी याच नोटपॅडमध्ये मी वर्षभराचं मराठी लिखाण प्रश्नचिन्हांत बुडवलं होतं, पण ते पाप माझं. साठवताना जुनी एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) निवडलेली होती, अक्षरं जातील अशी सूचनाही आली होती, आणि मी सवयीनं ओके दाबलं. पानभर ????? ???. एवढे प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. आता देवनागरी सांभाळणारी यूटीएफ-८ एन्कोडिंग पाहूनच साठवतो. मोबाईलवर कीपचा छोटा चौकोन पहिल्याच पडद्यावर ठेवला आहे. दाबला की थेट लिहायचं. व्हेरायटी चौकात १४ आकडे उरलेले असताना लिहून होतं.

यंदा पुन्हा जाळ्या बदलायच्या होत्या. निघताना आईनं विचारलं, "माप घेतलं का?" मी म्हटलं, "मोबाईलमध्ये आहे." तिनं तरीही दुधाच्या बिलाच्या पाठकोऱ्यावर तीन आकडे लिहून चिठ्ठी माझ्या खिशात कोंबली. तळघरात उतरलो, रेघा गळाल्या, ॲप पटकन उघडलं, माप समोर. मी विजयी वीरासारखा मोबाईल दुकानदारापुढे धरला.

तो म्हणाला, "कागद नाही का जी? पोरगा मागे कापायला जाईल. तुमचा मोबाईल घेऊन जाऊ का?"

मी खिशात हात घातला.