एका कोटीने मोठं करून बघा

अणू, रेणू आणि पेशी शिकवताना मला सगळ्यात जास्त राग येतो तो चित्रांचा. अणू चतकोर पानावर, पेशीही तेवढीच. दोन्ही गोल, दोन्हींच्या मधोमध ठिपका. मग मुलांना ही एकाच मापाची वाटली तर त्यात त्यांचं काय चुकलं?

नागपुरात मानेवाड्याला माझ्याकडे रविवारी सहावी-सातवीची मुलं येतात. संत्र्यांचे दिवस असले की सुरुवात संत्र्यानेच होते. फोडीची साल सोलली की आत रसाच्या बारीक पिशव्या दिसतात. "ताई, हे पेशीच होय न?" एकीने विचारलं. फार छान प्रश्न! पण नाही, त्या एकेका पिशवीतच पुष्कळ पेशी असतात.

पेशी बघायला कांदा बरा. जाड पाकळी मोडायची आणि आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने अलगद ओढायचा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरायचा, वर आयोडीन. कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडायची, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं त्या काळ्या कडेच्या गोलांनाच पेशी म्हणतात. नीट जमलं की एकीला एक लागून लांबट चौकटी दिसतात. केंद्रक पिवळसर-तपकिरी, आणि बहुतेक वेळा कडेला सरकलेलं, कारण मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या पाणीदार पिशवीने, व्यापलेली असते. पुस्तकातला मधोमधचा ठिपका इथेच निकालात निघतो.

मग मी नागपूरचा नकाशा जमिनीवर पसरते आणि वर मोहरीचा एक दाणा ठेवते. सगळं एका कोटीने मोठं केलं असं धरायचं. अणू मोहरीएवढा होतो. पाण्याचा रेणू म्हणजे एक मोहरी आणि तिला चिकटलेले तिच्याहून बारीक दोन दाणे. रक्तातली तांबडी पेशी होते पाऊणशे मीटरची. आणि कांद्याची ती चौकट? झिरो माइलपासून दीक्षाभूमीपर्यंत, जवळजवळ 3 किलोमीटर! मुलं एकदम नकाशावर वाकतात, बोटाने अंतर मोजतात. दीक्षाभूमीला सगळे जाऊन आलेले असतात, त्यामुळे हे अंतर त्यांच्या पायांना ठाऊक असतं. याच मापात 2 मीटरहून बारीक तपशील साधा सूक्ष्मदर्शक दाखवूच शकत नाही. त्यातून अणू का दिसत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

एवढ्यावर थांबलं तर मात्र मुलं 'रेणू म्हणजे चिमुकलाच' असं धरून बसतात. म्हणून डीएनए घेतेच. माणसाच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रातला डीएनए हा एकच रेणू, सरळ ताणला तर साधारण साडेआठ सेंटिमीटर. आमच्या मापात 2 सेंटिमीटर जाडीचा, 850 किलोमीटर लांबीचा दोर, म्हणजे इथून जवळपास मुंबई. आणि असे 46 दोर घड्या घालून पन्नास-साठ मीटरच्या केंद्रकात बसवलेले! हे मला स्वतःला अजूनही थक्क करतं.

आता वहीत कुणीही चित्र काढलं की खाली एक छोटी रेघ ओढायची आणि ती रेघ खऱ्यात किती, ते लिहायचं, असा आमचा नियम आहे. अणूखाली नॅनोमीटर, पेशीखाली मायक्रोमीटर. रेघ नसेल तर मी चित्र तपासत नाही, रंग कितीही सुंदर भरलेले असोत.