उशिराचे कारण

गिरणा आणि तापी यांच्या मधल्या कापूसपट्ट्यात, धरणगाव-एरंडोलच्या बाजूला आमची शाळा आहे. पाचवी ते आठवीचे चारच वर्ग, आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले आणि आम्ही मोजके शिक्षक. प्रवेशाच्या वेळी पालक एक प्रश्न हमखास विचारतात : 'तुमच्याकडे म्हणे छडी नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, मुले शिक्षकांना ताई-दादा म्हणतात, मग पोरांना वळण लागते तरी कशाने?' छडी खरे तर कोणत्याच शाळेत असता कामा नये. शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. पण पालकांची काळजी खरी असते, तिला कायद्याचे कलम हे उत्तर होत नाही. म्हणून मी त्यांना एका शनिवारच्या सभेची हकिकत सांगते.

आधी आमचा दिवस कसा चालतो ते सांगितले पाहिजे. शाळा साडेनऊला भरते. आल्याबरोबर प्रत्येकाने आपली हजेरी स्वतः लावायची असते. दाराशी एक मोठी फळी टांगलेली आहे, तिच्यावर खिळ्यांच्या दोन रांगा आहेत, डावीकडे 'घरी' आणि उजवीकडे 'शाळेत'. मुलांनी सुतारकामाच्या तासिकेत सागाच्या तुकड्यांच्या नावाच्या पाट्या केल्या आहेत. आलेला मुलगा आपली पाटी डावीकडून काढून उजवीकडे अडकवतो. त्यानंतर झाडलोट, माठ भरणे, रोपांना पाणी घालणे ही कामे आठवड्याच्या पाळीप्रमाणे होतात. पावणेदहाला परिपाठ, तोही गोल बसून. परिपाठानंतर प्रत्येकजण आपली नियोजनवही उघडतो. भाषा, गणित आणि विज्ञान यांतले या आठवड्यात काय पुरे करायचे हे त्याने सोमवारी शिक्षकाशी बोलून स्वतःच लिहिलेले असते आणि शनिवारी त्याचा हिशेब त्यानेच द्यायचा असतो. मधल्या सुट्टीनंतर हाताची कामे : बागेतला वाफा, सुतारकाम, शिवण, स्वयंपाक. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या, हाताच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या नई तालीमचा हा वारसा आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे चालवतो.

हे वाचताना ध्यानात येईल की येथे मुलाकडून अपेक्षा कमी नाहीत. नेहमीच्या शाळेत ज्या गोष्टी शिक्षक करतो, म्हणजे हजेरी घेणे, अभ्यास ठरवून देणे, राहिलेले काम शोधून काढणे, त्या येथे अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर येतात. पहिल्या सत्रात अनेक मुलांना हे जड जाते. 'तुम्हीच सांगा ना ताई, काय करू ते,' असे म्हणत ती मागे मागे फिरतात.

नियमही मुलेच सभेत करतात. सभा दर शनिवारी भरते, तिचा अध्यक्ष आळीपाळीने बदलतो आणि कामकाज एका जाड वहीत लिहिले जाते. आठवडाभरात कोणालाही आपला विषय त्या वहीत नोंदवता येतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत असत, हे आमच्याकडच्या जुन्या मंडळींकडून अजून ऐकायला मिळते. हाताने लिहिलेल्या शब्दाला मुले किती किंमत देतात ते मी या वहीवरून पाहिले आहे. जूनमध्ये या सभेने एक नियम केला होता : परिपाठ सुरू झाल्यावर जो येईल त्याने गोलात उभे राहून उशिराचे कारण सांगावे. त्यात शिक्षा नव्हती, आणि आम्हा शिक्षकांनाही तो नियम लागू होता. पावसाळाभर तो सुरळीत चालला.

दिवाळीनंतर चित्र बदलले. कापूस फुटला की आमच्या भागातल्या बायका उजाडताच वेचणीला निघतात. सकाळच्या गारव्यात झाडाची वाळकी पाने चिवट असतात, त्यांचा चुरा होऊन कापसाला चिकटत नाही, आणि कापूस स्वच्छ असला तर भाव बरा मिळतो. म्हणून शेतकऱ्यालाही सकाळची वेळ मोलाची असते. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे जी बाई लवकर वेचणीला लागेल तिच्या ओटीत जास्त कापूस पडतो. बायकांची टोळी सातच्या आत मॅजिक गाडीत बसून दुसऱ्या गावच्या शिवारात जाते. मागे घरी धाकटी भावंडे राहतात आणि ती थोरल्या बहिणीकडे येतात. बहिणीकडेच येतात, भावाकडे क्वचितच, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

सातवीतल्या एका मुलीचे असेच झाले. तिचा भाऊ तीन वर्षांचा. गावातली अंगणवाडी दहाला उघडे, त्याला तेथे सोडून ती निघे आणि सव्वादहाच्या सुमारास शाळेत पोहोचे. रोज उभे राहून ती एकच वाक्य सांगत असे आणि खाली बसत असे. सगळ्यांना ते पाठ झाले होते. मग एका गुरुवारी सभेच्या वहीत तिच्या अक्षरातली नोंद आढळली : 'उशिराचे कारण रोज सांगण्याचा नियम बदलावा, असे माझे म्हणणे आहे.'

शनिवारी सभेचा अध्यक्ष सहावीतला मुलगा होता. त्याने विषय वाचून दाखवला आणि तिला बोलायला सांगितले. सभेत कोणत्याही भाषेत बोलता येते. ती अहिराणीत बोलली. 'माय कापूस येचाले जास. भाऊले अंगणवाडीमा सोडस, मंग येस मी. हाई सगळासले मालूम शे. तरी माले रोज तेच ते सांगनं पडस.' आवाज चढला नव्हता. पुढे तिने जे मांडले ते मला फार महत्त्वाचे वाटले : झोपून राहिल्यामुळे उशीर झालेला आणि घरचे काम उरकून आल्यामुळे उशीर झालेला, दोघांना नियम सारखेच उभे करतो, आणि ज्याचे कारण बदलत नाही त्याच्याकडून ते वदवून घेऊन शाळेला काय मिळते?

आठवीतला एक मुलगा लगेच उठला. 'नियम आपनच करेल शे ना? मंग एकनासाठे कसा मोडाना?' त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. आज हिला सूट दिली तर उद्या जो तो कारण घेऊन येईल, असे त्याने सांगितले; शिवाय पाणी भरण्याच्या पाळीत तिचे काम दुसऱ्यांना करावे लागते, हेही मांडले. हे दुसरे म्हणणे ऐकून मुलीने मान हलवली आणि 'ते खरे आहे' असे म्हटले. एका लहान मुलाने सुचवले की भावालाच शाळेत आणावे, आम्ही आळीपाळीने खेळवू. सगळ्यांना ती कल्पना आवडली. मलाही आवडली होती. मुलीने मात्र ती तिथल्या तिथे नाकारली. तो येथे आला तर तिचे सारे लक्ष त्याच्याकडेच राहील आणि मग शाळेत येऊन उपयोग काय, असे तिचे उत्तर होते. मदत म्हणून पुढे केलेली गोष्ट बारा वर्षांच्या मुलीने इतक्या नेमक्या कारणाने परत करावी, याचे मला त्या दिवशी विलक्षण अप्रूप वाटले.

त्यानंतर वही लिहिणाऱ्या मुलीने तासांचा प्रश्न काढला : रोज पाऊण तास बुडाला तर चालते का? अध्यक्षाने माझ्याकडे पाहिले. मी फळ्यावर आकडे लिहिले. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाचे 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवले आहे. हे बंधन शाळेवर आहे, मुलावर नाही, हेही सांगितले. मुलांनी भागाकार करून पाहिला. दिवसाला साडेचार तासांहून थोडे जास्त पडतात. साडेचारला शाळा सुटते, त्यातून मधली सुट्टी वजा केली तरी सव्वादहाला येणाऱ्या मुलीच्या हाती पाचांहून अधिक तास उरतात, असे त्यांनीच काढले. आठवीतल्या त्या मुलाने भागाकार पुन्हा तपासून पाहिला आणि बरोबर असल्याचे मान्य केले, पण आपला विरोध मागे घेतला नाही.

बरीच चर्चा होऊन जो ठराव झाला तो असा. वेचणी चालू असेपर्यंत ज्यांच्या घरी अशी अडचण असेल त्यांनी सभेत एकदाच कारण सांगावे. त्यानंतर उशिरा आल्यावर गोलात उभे न राहता थेट कामाला बसावे. त्यांची सकाळची पाळी दुपारच्या हत्यारे आवरण्याच्या कामात बदलून द्यावी. हजेरीच्या फळीवर मधोमध तिसरी खिळ्यांची रांग ठोकावी आणि तिला 'वाटेवर' असे नाव द्यावे. आदल्या दिवशी घरी जाताना त्या मुलांनी आपली पाटी तेथे अडकवावी, म्हणजे सकाळी कोणी ती घरी बसली आहेत असे समजणार नाही. ठराव मांडून झाल्यावर त्या मुलीने स्वतःहून त्यात एक अट घातली : आठवड्याचे नियोजन पुरे झाले नाही तर सूट बंद करावी. ही अट कोणी मागितली नव्हती. मला ती थोडी कडकच वाटली, पण सभेत शिक्षकाला एकच मत असते. मी अटीच्या विरुद्ध मत दिले आणि ती मंजूर झाली. विरोध करणाऱ्या मुलाचे म्हणणेही त्याच्या नावासह वहीत लिहिले गेले. फेब्रुवारीच्या पहिल्या सभेत ठरावाचा फेरविचार व्हावा, ही सूचना त्याचीच.

ठराव वाचून होताच आणखी दोन मुलींनी आणि पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या एका मुलाने हात वर केले. त्यांच्याही घरी तेच होते. मुलाचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले होते आणि तो आजीपाशी राहून शेळ्या सोडून येत असे. इतके दिवस तो पाटी अडकवून उशिराचे कारण म्हणून 'झोप' सांगत होता.

पालकसभा आम्ही वेचणीच्या दिवसांत गावातच, रात्री जेवणे झाल्यावर मारुतीच्या पारावर घेतो, कारण दिवसा आया येऊ शकत नाहीत. त्या सभेत मी हा ठराव वाचून दाखवला. मुलीची आई पुढे बसली होती, बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या. तिने ठरावाबद्दल काही म्हटले नाही. तिचा प्रश्न पुढचा होता. 'ताई, पुढल्या साली आठवीची परीक्षा राहील. त्यात ही मागं तर नाही ना पडणार?' प्रश्न अगदी रास्त होता. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते, नापास झाल्यास दोन महिन्यांत पुन्हा संधी मिळते आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. मी हे सगळे सांगितले आणि मुलीला तिची नियोजनवही वाचायला लावली. अपूर्णांकांची कोणती उदाहरणे झाली, कोणती राहिली, ती कोणत्या वारी करणार, असे तिने ओळीने वाचले. आईने ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, 'मग ही वही दर रविवारी मला ऐकवत जा. शाळेतच का ठेवता?'

तेव्हापासून शनिवारी सभा संपली की सगळ्या नियोजनवह्या घरी जातात आणि सोमवारी परत येतात.