चौथे कारण

तापीकाठच्या एका तालुका न्यायालयात मी सतरा वर्षे वकिली करीत आहे आणि गेली काही वर्षे विधी सेवा समितीच्या पॅनेलवर रिमांडची, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडीत ठेवावे की नाही हे ठरवण्याची, कामे पाहतो. या कामात थरार फारसा नसतो. पोलीस आरोपीला घेऊन येतात, व्हरांड्यातच त्याच्याशी चार शब्द बोलून वकीलपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा, रिमांड अर्ज उभ्याउभ्या वाचायचा आणि पुकारा झाला की न्यायासनासमोर जायचे. मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला एक सोमवार मात्र एका वाक्यामुळे माझ्या मनात राहिला आहे.

आरोपी बावीस वर्षांचा पारधी मुलगा होता. केळीच्या मळ्यातल्या विहिरीवरून मोटारीची तांब्याची केबल कापून नेल्याचा त्याच्यावर आरोप होता. आमच्याकडे ही चोरी नेहमीची आहे आणि ज्याची केबल जाते त्याचा संतापही खरा असतो, कारण ऐन मे महिन्यात चार दिवस पाणी तुटले की बाग डोळ्यांदेखत करपते. केबल मात्र सापडली नव्हती. पंचनाम्यात जप्त केलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे एक पक्कड. मुलगा ट्रॅक्टरच्या गॅरेजात हाताखाली काम करतो. त्याच्या पिशवीत पक्कड नसती तरच नवल. त्याला शनिवारी सायंकाळी उचलले असे आई सांगत होती आणि अटक पंचनामा रविवार रात्रीची वेळ दाखवत होता. परंतु आईच्या शब्दापलीकडे माझ्याकडे काहीच नसल्यामुळे मी त्या मुद्द्यावर भर दिला नाही.

पोलीस कोठडी मागण्यासाठी अर्जात पाच कारणे दिली होती. चौथे असे होते : ‘आरोपी हा पारधी जातीचा असून सदर जात ही गुन्हेगारी प्रवुत्तीची आहे, त्यामुळे त्याने आणखी गुन्हे केले असल्याची दाट शक्यता आहे.’

‘प्रवृत्ती’ या शब्दातला ऋकार चुकला होता, आणि ती चूक मला ओळखीची वाटली. पुकाऱ्याला वेळ होता. बार रूममधल्या माझ्या कपाटातून त्याच ठाण्याच्या दोन जुन्या कामांचे कागद काढून पाहिले, तर दोन्हींत चौथे कारण हेच, शब्द हेच आणि ‘प्रवुत्ती’ही तीच होती. एका कागदावर फक्त जातीचे नाव वेगळे होते. म्हणजे हे वाक्य कोणी विचार करून लिहिलेच नव्हते. कधीतरी कोणीतरी ते संगणकात टंकले आणि पुढे प्रत्येकाने नाव, वय, गाव आणि जात तेवढी बदलली. तो अर्ज तयार करणाऱ्या हवालदाराने मला कितीदा तरी चहा पाजला आहे. त्याच्या मनात पारध्यांविषयी द्वेष आहे असे मला आजही वाटत नाही. मला अधिक अस्वस्थ केले ते यानेच.

कारण या वाक्याचे मूळ त्या संगणकाच्या फार मागे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ते पहिल्यांदा सरकारी भाषेत आणले. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, या तर्कावर तो कायदा उभा होता. राज्यकर्त्या वंशाने स्वतःला सर्वांत वर ठेवून शासितांची रक्तावरून प्रतवारी लावण्याचाच तो काळ होता. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. १९११ च्या कायद्याने हीच व्यवस्था मुंबई इलाख्यात आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, तो कागदावर तरी जमातीऐवजी माणसाकडे बोट दाखवणारा होता.

तालुका न्यायालयात संविधानाचा अनुच्छेद १४, म्हणजे कायद्यापुढील समानता, उच्चारला की समोरचे लोक किंचित हसतात, जणू वकिलाकडे दुसरा मुद्दाच उरलेला नाही. म्हणून मी आधी साध्या गोष्टी मांडल्या. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३५ प्रमाणे नोटीस देऊन बोलावता आले असते. आणि अटक का आवश्यक होती हे दंडाधिकाऱ्यांनी तपासून पाहावे, असे अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच बजावले आहे. त्यानंतर चौथे कारण वाचून दाखवले आणि सर्वोच्च न्यायालयाचाच ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता निकाल पुढे ठेवला. तो निकाल मुख्यतः तुरुंगांतल्या जातिभेदाविषयी आहे, परंतु विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी अर्नेश कुमार निकालातील सूचना पाळाव्यात, असाही निर्देश त्यात आहे.

सरकारी वकील म्हणाले, तो नमुन्यातला मजकूर आहे, त्याला एवढे महत्त्व देऊ नये. कायदा सर्वांना सारखाच लावला जातो. हे उत्तर ऐकून मला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला वाचलेला एक अमेरिकी खटला आठवला आणि विचार न करता मी तो बोलून गेलो. सॅन फ्रान्सिस्को शहरात लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायला परवानगी लागे. नियमात चिनी माणसाचा उल्लेख कोठेही नव्हता. तरीही सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना परवानगी नाकारली गेली आणि बिगरचिनी ऐंशीएक जणांना, एखादा अपवाद सोडल्यास, ती मिळाली. यिक वो विरुद्ध हॉपकिन्स या खटल्यात १८८६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वरवर निःपक्षपाती दिसणारा कायदा विषम हाताने राबवला गेला, तर समान संरक्षण नाकारलेच जाते. आपल्या अनुच्छेद १४ मधील ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द ज्या अमेरिकी चौदाव्या घटनादुरुस्तीवरून घेतले, तिच्यावरचाच हा निकाल आहे. येथे तर भेद शोधावाही लागत नव्हता. तो टंकलेला होता.

दंडाधिकारी मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. मग तपासी अंमलदारांना विचारले, ‘ही प्रवृत्ती कोणाची? याची असेल तर याच्यावर आधीचा एखादा गुन्हा दाखवा.’ आधीचा गुन्हा नव्हता. ‘आणि जातीची असेल, तर कोठडी मी कोणाला देऊ?’ अंमलदार खाली पाहत उभे राहिले. मॅडमनी पोलीस कोठडी नाकारली आणि दुपारनंतर जामीन अर्ज ऐकला.

खरी अडचण पुढे होती. जामीनदार म्हटला की सातबारा किंवा घराचा उतारा लागतो आणि त्या पालावर तो कोणाकडेच नव्हता. मी जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती केली व ती मान्य झाली. बाहेर येऊन आईला सांगितले, ‘पंधरा हजारांचा जातमुचलका झाला.’ तिचा चेहरा पडला. ‘आते जातना बी कागद लागी का, दादा?’ आता जातीचाही कागद लागेल का, असे ती विचारत होती.

‘जातमुचलका’ या शब्दातली जात म्हणजे अरबीतून आलेली ‘जात’, स्वतः. मुलाने स्वतःच्याच जबाबदारीवर हमी द्यायची, एवढाच त्याचा अर्थ, हे मी तिला समजावले. तिची भीती मात्र अनाठायी नव्हती. धाकट्या मुलीच्या शाळेसाठी ती तीन वर्षे जातीच्या दाखल्यामागे फिरत होती आणि प्रत्येक वेळी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जात होता. आजा कोठे जन्मला हे ज्या घरात कोणाला ठाऊक नाही, तेथे तो कोठून येणार? मुलाच्या अर्जात ‘पारधी’ लिहिताना मात्र कोणी कसलाही कागद मागितला नव्हता.

खटला अजून चालू आहे. जून-जुलैमध्ये त्या ठाण्याचे जे अर्ज माझ्याकडे आले, त्यांत चौथे कारण काढलेले दिसले. ऑगस्टच्या अखेरीस एका दुसऱ्या मुलाच्या अर्जात ते पुन्हा होते. शब्द तेच होते, फक्त ‘प्रवृत्ती’मधला ऋकार कोणीतरी दुरुस्त केला होता.