सातबारा नसेल तर जामीनदार आणायचा कुठून?

गरिबीमुळे गुन्हे होतात, हे वाक्य विदर्भात टिकत नाही. यवतमाळचा कर्जात बुडालेला कापूसवाला शेतकरी दरोडे घालत नाही. तो स्वतःचा जीव देतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ साली मांडलं ते असं: समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथवरचे सरळ रस्ते मोजक्यांनाच मोकळे असतात. उरलेल्यांतले कुणी निमूट राबतात, कुणी दारूत बुडतात, कुणी आडवाट धरतात. १९६० मध्ये क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी भर घातली की आडवाटासुद्धा सारख्या वाटलेल्या नसतात. माझ्या मते आपल्याकडं हे जास्त लागू पडतं. दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात मोहाची भट्टी लावायला डबा, सरपण आणि नाल्याकाठची जागा पुरते. विनापरवाना सावकारीला आधी हातात पैसा लागतो. त्या सावकारीला २०१४ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि १५ वर्षांच्या आत लिहून घेतलेली जमीन परत मिळवता येते. तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडं करायची. पण कागद असतो साध्या खरेदीखताचा; व्यवहार व्याजाचा होता हे दाखवायला चिठ्ठ्या नि साक्षीदार लागतात. भट्टीचा पुरावा मात्र जागेवरच उकळत असतो.

तिसरी गोष्ट शिक्क्याची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींत जन्मणं हाच गुन्हा ठरवला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. चोरी झाली की संशय आधी पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर. बेडा बहुतेकदा ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी जमिनीवर; म्हणून नावावर सातबारा नाही, म्हणून ऐपतीचा दाखला नाही, म्हणून जामीनदारही नाही. पोरगा आत राहतो, घरची मजुरी बुडते, आणि बाहेर आल्यावर त्याला कुणी कामावर घेत नाही.

कायद्यात वाटा आहेत, त्या वापरायला हव्यात. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४७८ आरोपीला निर्धन मानतं आणि नुसत्या बंधपत्रावर सोडायला सांगतं. बिगरजामीनपात्र गुन्ह्यासाठी कलम ४७९ आहे. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका. साध्या चोरीला तीन वर्षं धरली तर एक वर्ष. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकानं लेखी करायचा असतो. म्हणून अटकेची तारीख, गुन्हा क्रमांक आणि कलमं घरच्यांनी एका कागदावर लिहून ठेवावीत, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागावा.

याच कलमाचं दुसरं पोटकलम घात करतं: एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर ही सुटका नाही. ज्या बेड्यावर पोलीस आधी जातात, त्या बेड्यावरच्या पोरावर एकच प्रकरण क्वचित असतं.