तरडगावच्या तळावर नववा अध्याय

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला विचारतात, की जाणिवेच्या बळावर वेदांहून आगळा कोण आहे आणि शेषाहून बोलका कोण आहे? उत्तरही तेच देतात. सहस्र मुखांचा शेष अंथरुणाखाली दडला, वेद 'नेति नेति' म्हणत माघारी फिरला आणि सनकादिक ऋषी तर वेडेपिसे झाले. त्यानंतर थोड्याच ओव्यांनी ते वचन येते: 'म्हणौनि थोरपण पऱ्हां सांडिजे । एथ व्युत्पत्ति अवघी विसरिजे । जैं जगा धाकुटें होईजे । तैं जवळीक माझी ॥' म्हणजे थोरपण बाजूला ठेवावे, सारी व्युत्पत्ती, अर्थात विद्वत्ता, विसरावी आणि जगापुढे लहान व्हावे, तेव्हाच माझी जवळीक मिळते. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघालो तेव्हा हा भाग रोज विसाव्याला वाचायचा, असे मी ठरवले होते. माणसाची समज कुठवर पोहोचते याविषयी आपल्या परंपरेत पुष्कळ वचने आहेत. पण त्यांतले हे मला सर्वांत जवळचे वाटते आणि त्याचाच सर्वांत अधिक गैरवापर होतो, असेही वाटते.

लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण झाले. अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला एकच झुंबड उडाली आणि मग दिंड्या पुन्हा आपापल्या जागी लागून तरडगावच्या वाटेला लागल्या. आमच्या दिंडीत विशीतला एक मुलगा वडिलांच्या जागी प्रथमच चालत होता. टाळही वडिलांचेच होते आणि त्यांची दोरी जिथे बोटांना घासत असे, तिथे त्यांनीच कधीतरी गुंडाळलेली सुती चिंधी अजून तशीच होती. त्याने चालता चालता विणेकरीबुवांना विचारले, "बुवा, बाबांनी एकही वारी चुकवली नाही. मग ते असे तडकाफडकी का गेले?" बुवा काही बोलण्याआधीच मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणाले, "बाळा, जिथे वेदांनी हात टेकले तिथे तू-मी कोण? देवाची करणी आपल्याला कळायची नाही. नाम घे." बोलणाऱ्याच्या मनात मायाच होती, याबद्दल मला शंका नाही. तरीही त्या मुलाचे टाळ त्यानंतर बराच वेळ ठेक्यात पडत नव्हते.

त्या संध्याकाळी तळावरची समाज आरती पाहताना मला त्या ओवीचा अर्थ दिसू लागला. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि हजारोंचा समाज त्याच क्षणी शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवणे थांबवत नाही. तिची तक्रार चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात आणि मगच टाळ थांबतात. त्यानंतर हरवले-सापडलेले पुकारले जाते, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. इतक्या मोठ्या समाजाला शिस्त लावणाऱ्यांनी तक्रारीचा आवाज मात्र त्या शिस्तीत राखून ठेवला, ही मला वारीतली फार मोठी गोष्ट वाटते. दुपारी त्या मुलाच्या वाट्याला नेमके हेच आले नव्हते. त्याचे म्हणणे ऐकण्याआधीच त्याला शांत केले गेले होते.

ओवी कोणाला उद्देशून आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे व्युत्पत्ती आहे त्यालाच ती विसरता येईल आणि ज्याच्याकडे थोरपण आहे त्यालाच ते बाजूला ठेवता येईल. वेद, शेष, सनकादिक ही उदाहरणे सगळी जाणत्यांची आहेत. अडाण्याने विचारू नये, असे त्यांत कुठेही आलेले नाही. बुद्धीचा अनादर तर माउलींनी कधीच केला नाही. पहिल्याच अध्यायातल्या गणेशवंदनात तर्क हा देवाच्या हातातला परशू आहे. म्हणून 'मानवी बुद्धीला मर्यादा आहेत' हे वाक्य प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडावर फेकायचे नसून उत्तर देणाऱ्याने स्वतःशी म्हणायचे आहे, असा माझा स्पष्ट समज आहे. शिवाय त्या ओवीचे फळ पाहावे. धाकुटे झाल्यावर सगळे कळेल, असे आश्वासन तिथे नाही. जवळीक मिळेल, एवढेच आहे.

रात्री राहुटीत बुवांनी त्या मुलाला बोलावून घेतले. ते म्हणाले, "तुझे बाबा का गेले, ते मला ठाऊक नाही. कीर्तनात मी पुष्कळ सांगतो, पण हे मला सांगता येणार नाही. तू विचारायचं सोडू नकोस. उद्यापासून माझ्या शेजारी चाल." फलटण, बरड, नातेपुते अशी वाट सरत गेली आणि तो त्यांच्या डाव्या हाताला चालत राहिला. वडिलांविषयी तो कितीतरी बोलला. बुवा बहुतेक वेळ ऐकत होते.

पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. ज्यांच्यापाशी सर्वांत अधिक व्युत्पत्ती होती, त्यांनीच चोखोबांना देवळाबाहेर ठेवले आणि पुढे शतकानुशतके त्यांच्या समाजालाही ठेवले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा विठ्ठलमंदिराचे दार दलितांसाठी उघडले. आपल्याला देवाचे मन कळले आहे, अशी ज्यांची खात्री होती त्यांच्यासाठीच 'थोरपण पऱ्हां सांडिजे' हे वचन होते आणि ते नेमके त्यांनीच मानले नाही. समाधीपुढे उभे राहिल्यावर मला याचा राग आला आणि तो देवाच्या दारात आला म्हणून वावगा आहे, असे मला वाटले नाही.

गोपाळपूरचा काला झाल्यावर निरोप घेताना त्या मुलाने बुवांना विचारले, की नववा अध्याय वाचायचा तर आधीचे आठ वाचावे लागतील का. बुवा म्हणाले, "नववा आधी वाच. अडेल तिथे फोन कर, आपण दोघं मिळून बघू."